तीन पडद्यांवरचे संस्थापक

एकोणचाळीस संचालक एकदम बघून टोणपे साहेब दारातच थांबले.

"निवास, आपले संस्थापक तेरा होते ना रे?"

"तेराच आहेत साहेब. फक्त तिन्ही पडद्यांवर वेगवेगळे आलेत."

"एवढे संचालक झाल्यावर दूध कोण घालणार?" असं म्हणून ते आत आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. आपण मागे उभं राहिलं की माझं काम लवकर होतं, असा त्यांचा ठाम समज होता.

ही गोष्ट आमच्या तालुका दूध संघातली. टोणपे साहेब प्लँटचे मॅनेजर आणि मी नव्या कंट्रोल रूमचा ऑपरेटर. दूध किती आलं, कुठल्या टाकीत गेलं, किती गार झालं, हे सगळं एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन मॉनिटरवर दिसणार होतं. कॉम्प्युटर पुण्याच्या कंपनीनं बसवून दिला होता आणि त्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. साहेबांना लिनक्सचा मनापासून संशय होता. त्याच्या चिन्हातल्या पक्ष्यावरून ते त्याला 'तुझं पेंग्विन' म्हणायचे, जणू मीच ते घरून पिशवीत घालून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. चेअरमननी रेशमी कापड ओढून काढायचं आणि तिन्ही पडद्यांवर मिळून एकच फोटो दिसायचा: संघाच्या पायाभरणीच्या दिवशी ओळीनं उभे राहिलेले तेरा संस्थापक. कल्पना साहेबांची होती आणि घाम माझा.

लिनक्सच्या लेखी तीन पडदे म्हणजे तीन वेगळ्या खोल्या. प्रत्येक खोलीत तो इमानदारीनं तोच फोटो टांगत होता. तिन्ही मिळून एकच भिंत आहे हे त्याच्या गळी उतरवायचं होतं. सेटिंगमध्ये तसा पर्याय असतो, पण त्याआधी कुठला पडदा डावीकडं, कुठला मधे आणि कुठला उजवीकडं हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. त्याला काही दिसत नाही, आपण सांगू ती रांग तो खरी मानतो. मी रांग सांगितली, फोटो तिन्ही पडद्यांच्या रुंदीएवढा केला आणि तेरा माणसं एका ओळीत पसरली. उंचीत मात्र ती मावेनात. शेवटी सगळ्यांना गुडघ्याखाली कापून टाकलं.

"पाय गेले तर जाऊ दे, नाक कुणाचं कापू नको," साहेब मागून म्हणाले. "दोन पडद्यांच्या मधल्या त्या काळ्या पट्टीवर कुणाचं तोंड आलं तर आपण मेलो. त्यांची पोरं आता संचालक आहेत."

मी फोटो जरा सरकवला. पट्ट्या माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसल्या. साहेबांनी बोटानं सगळी नाकं तपासली आणि मग आवाज उतरवून विचारलं, "आणि हे दोघं?"

"आज्जा डावीकडच्या टोकाला, आबा उजवीकडच्या टोकाला. फोटोत आहेत तसेच."

"बरंय. उद्या खुर्च्याही तशाच मांडतो. हिंदुराव आबांनी येतो म्हणून निरोप दिलाय, तो त्याच अटीवर."

हे दोघं म्हणजे माझे दोन आजोबा. डाव्या टोकाचे केरबा सासने, वडिलांचे वडील, त्यांना मी आज्जा म्हणायचो. उजव्या टोकाचे हिंदुराव भोपळे, आईचे वडील, ते आबा. तरुणपणी दोघं एका सायकलवर गावोगाव हिंडले आणि दूध गोळा करून संघ उभा केला. त्या दोस्तीतच आबांनी आपली मुलगी आज्जांच्या घरात दिली. मग संघाच्या इमारतीच्या पायाभरणीचा दिवस आला. फोटोग्राफरला आणायला आबा बुलेट घेऊन कोल्हापूरला गेले आणि येताना वाटेत गाडी पंक्चर झाली. इकडं भटजींनी मुहूर्त टळतोय म्हणून घाई केली आणि आज्जांनी एकट्यानं नारळ फोडला. आबा फोटोग्राफरला घेऊन पोचले तेव्हा लोक खोबरं चावत होते.

"माझ्यासाठी थांबला न्हाईस?" आबांनी विचारलं.

"मुहूर्त काय तुझ्या बुलेटसाठी थांबतोय?" आज्जा सगळ्यांदेखत म्हणाले.

"मग तुझ्या दारात पाणी पिणार न्हाई," आबा म्हणाले आणि फोटोसाठी रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. फोटो नीट पाहिला तर बाकी सगळे समोर बघताहेत आणि हे दोघं आपापल्या बाजूच्या शेताकडं.

भांडणात खरी अडकली ती आई. आमच्याकडं लेकीला मूल झाल्याशिवाय बाप तिच्या घरी जेवत नाही. मी पायाभरणीच्या महिनाभर आधी जन्मलो. म्हणजे माझ्या जन्मानं आबांचा रस्ता मोकळा झाला आणि नारळानं तो लगेच बंद केला. आईच्या हातचं तिच्या घरात बसून आबा कधीच जेवले नाहीत. भाऊबीजेलासुद्धा मामा घरी यायचा नाही. आई ताट घेऊन एसटी स्टँडवर जायची आणि रसवंतीच्या बाकड्यावर बसवून त्याला ओवाळायची. कंडक्टर लोक टाळ्या वाजवायचे. माझे वडील संघाचा टँकर चालवायचे आणि घरात विषय निघाला की नेमके मुंबईच्या वाटेवर असायचे.

लहानपणापासून मी आईचं एकच मागणं ऐकत आलो होतो. आबांनी एकदा घरात यावं, पाटावर बसावं आणि दोन घास खावेत. ते ती देवाजवळ मागायची, कारण आज्जांजवळ मागून उपयोग नव्हता.

त्या दुपारी आज्जा कंट्रोल रूममध्ये आले. आमचं घर संघाच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळं त्यांना यायला निमित्त लागत नसे. खुर्ची ओढून ते पडद्यांसमोर बसले.

"माझं पाय कुठं हाईत?"

"कापावे लागले आज्जा. उंचीत बसत नव्हते."

"त्या दिवशी नव्या चपला घातल्या हुत्या. मुद्दाम घातल्या हुत्या." ते वाकून स्वतःच्या जुन्या तोंडाकडं बघू लागले. "तरी बरा दिसतोय. आन त्यो?"

"आबा? त्या पार तिकडच्या पडद्यावर."

"जाड हुता तवा. आता म्हणं वाळलाय." त्यांनी एकेक माणसावर बोट फिरवत नेलं. "सखाराम गेला. म्हादू गेला. ह्यो तर कोरोचीच्या बाजारातच बसल्या जागी गेला. मधली समदी गेली की रं."

"होय."

"मेलेली माणसं मधी कशाला उभी केल्यात?"

तेवढ्यात त्यांनी मधल्या मॉनिटरवर कोपर टेकलं आणि मी ओरडलो, "आज्जा, डबा हलवू नका. कुठला पडदा कुठं आहे ते कॉम्प्युटरला बघता येत नाही. डबा हलला की माणसं हलतात."

"म्हंजे?"

"म्हणजे हा डबा तिकडं नेऊन ठेवला, तर याच्यावरची माणसं याच्याबरोबर तिकडं जातील."

"हलत्यात तरी. सुखी हाईत," आज्जा म्हणाले आणि कोपर काढून घेतलं.

घरी गेलो तेव्हा आई भांडी घासत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "उद्या आबा येनार हाईत न्हवं?"

"येणार."

"किती येळ हाईत?"

"तासभर."

"जाताना आपल्या गल्लीवरनंच जावं लागतंय," ती म्हणाली. एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे उठून तिनं वरण्याची, म्हणजे घेवड्यासारख्या कडधान्याची, आमटी टाकली होती. ती आबांची आवडती. आज्जांनी वासावरून ओळखलं आणि विचारलं, "कोण पाव्हणं यायचं हाय काय?"

"कोण न्हाई, मामंजी."

"मग एवढी आमटी?"

"कमी केली तर लागती चांगली व्हय?" आई म्हणाली. आज्जा चपला घालून मंडपाकडं निघाले.

मी संघात पोचलो तर टोणपे साहेब फाटकापाशीच गाठ पडले. "हिंदुराव आबा आलेसुद्धा. तुझ्या मामानं मोटरसायकलवरून सोडलंय. अंगणात तुझ्या आज्जांची गाठ पडायला नको म्हणून मी त्यांना कंट्रोल रूममध्ये बसवलंय. तिथंच असू देत कार्यक्रमापर्यंत." आपल्या हुशारीवर ते खूश होते.

आबा पांढऱ्याशुभ्र धोतरात, काठी गुडघ्यांमध्ये धरून, तिन्ही पडद्यांसमोर बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर थाप मारली.

"शालन बरी हाय?"

"बरी आहे. सकाळी आमटी करत होती. वरण्याची."

"हं," आबा म्हणाले आणि पुन्हा फोटोकडं बघू लागले. आदल्या दिवसापासून मी येईल त्याला एकच पाठ म्हणून दाखवत होतो, डबा हलवू नका, डबा हलला की माणसं हलतात. आबांनाही तो ऐकवला. त्यांनी चहा मिळेल का विचारलं. चहा सांगून मी माईकवाल्याकडं गेलो आणि पुढचा तास तिकडंच अडकलो. परत आलो तोवर मंडपवाल्यांनी तिन्ही मॉनिटर रेशमी कापडानं झाकून वर झेंडूची माळ सोडली होती. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

कार्यक्रमाला खोली गच्च भरली. साहेबांनी खुर्च्या मांडल्या होत्या त्यात आज्जा या भिंतीला आणि आबा त्या भिंतीला. चेअरमननी भाषणात दोघांची नावं एकाच वाक्यात घेतली नाहीत, इतकी त्यांना तयारी करून दिली होती. मग त्यांनी कापड ओढलं.

पहिल्यांदा टाळ्या पडल्या. मग त्या एकेक करत थांबल्या.

डाव्या पडद्यावर फोटोचा शेवटचा भाग आला होता. मधल्या पडद्यावर सुरुवातीचा. उजव्या पडद्यावर मधली माणसं. रांगेचं शेवटचं टोक आणि पहिलं टोक एकमेकांना येऊन भिडलं होतं. डाव्या पडद्याच्या कडेला आबा, त्याला लागून मधल्या पडद्याच्या कडेला आज्जा. दोघांच्या खांद्यांमध्ये फक्त ती काळी पट्टी. बाकीचे अकरा जण आजूबाजूला कुठंतरी.

टोणपे साहेबांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ दोन दिवस राहिला. "आत्ता नीट कर," ते दातांतून म्हणाले.

मी कीबोर्डकडं धावलो. सेटिंग उघडून बघतो तर रांग बरोबर. कॉम्प्युटरच्या मते सगळं जागच्या जागी होतं. मग मी टेबलामागं वाकून पाहिलं. उजवीकडच्या मॉनिटरची तार, जिला मी लाल चिकटपट्टी लावली होती, ती टेबलाच्या मागून ताणून पार डावीकडं गेली होती. कुणीतरी उजवा डबा उचलून डावीकडं ठेवला होता आणि बाकीचे दोन जरासे सरकवून घेतले होते.

"निवास, हात लावू नगं," आज्जा म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते पडद्याकडं बघत होते. मेलेली माणसं मधी कशाला, हे त्यांचं कालचं वाक्य आठवलं आणि मला वाटलं, समजलं. म्हाताऱ्यानं डाव साधला होता. मी माउसवरचा हात काढून घेतला आणि साहेबांना म्हणालो, "साहेब, लिनक्स आहे. वेळ लागेल."

लिनक्सवर मी आयुष्यात केलेला हा एकमेव खोटा आरोप. साहेबांनी तो तत्काळ मान्य केला.

तिकडं आबा काठी टेकत उठले आणि पडद्यापाशी आले. चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत लावला.

"केरबा," ते म्हणाले. "हे कुणी केलं?"

सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा हे नाव घेतलं होतं.

"कंप्युटरनं," आज्जा बसल्या जागेवरून म्हणाले.

"कंप्युटरला काय कळतंय?"

"तुझ्यापरास जास्त कळतंय."

"खांद्याला खांदा लावलाईस की माझ्या."

"मी कशाला लावतोय? मी माझ्या जागेवर हाय. तूच आलाईस हिकडं."

आबांनी पुन्हा एकदा पडद्याकडं बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "दिसतंय तसं."

चेअरमन हुशार माणूस. पुढं काय होईल सांगता येत नाही हे ओळखून त्यांनी नारळ उचलला आणि कुणाला न विचारता स्वतःच फोडून टाकला. लगेच पेढे वाटायला सुरुवात झाली. गर्दीतून वाट काढत आबा माझ्याजवळ आले.

"भाकरी टाकली असंल न्हवं शालननं?"

मी मान हलवली तोवर आज्जा मागून म्हणाले, "आमच्यात बारा वाजता ताट पडतंय. उशीर झाला की मी थांबत न्हाई." आणि ते पुढं चालू लागले. पण ते नेहमीपेक्षा फार हळू चालत होते.

गल्लीत शिरलो तेव्हा आई दारात उभी होती. डोक्यावर पदर, हात पिठानं भरलेले. आज्जांच्या मागून येणारे आबा तिला दिसले. ती रडली नाही, धावली नाही. आपण नको तिथं हललो तर समोरचं मोडेल अशी ती जागच्या जागी उभी राहिली.

"या," ती म्हणाली. मग दारातून बाजूला सरकून पुन्हा म्हणाली, "या, आबा."

आबांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत आले. एवढ्याशा गोष्टीला किती वर्षं लागली होती. अंगणाच्या कडेला हातपाय धुवायचा दगड होता, तिकडं ते गेले. आई हात पुसून तांब्या भरायला वळली. आज्जा पुढच्या सोप्यात टेकले आणि त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बरं केलंस," ते हळूच म्हणाले. "पर मला आदी सांगायचं हुतंस. एकदम बघून काळीज थांबलं असतं म्हंजे?"

"मी?" मी म्हणालो. "मला वाटलं तुम्हीच केलं."

"मी कवा करतोय? सकाळपासनं मी मंडपात हुतो. तुझा त्यो मॅनेजर मला आत जाऊ देत नव्हता, आत कोण हाय म्हनून." आज्जा बोलता बोलता थांबले.

आत कोण होतं ते आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं. तासभर एकटे. समोर तीन पडदे. आणि जो डबा उचलला गेला होता त्यावर आज्जा नव्हते. त्यावर आबा होते. आज्जा खरंच आपल्या जागेवरून हलले नव्हते. ऐंशीच्या घरातला एक वाळका म्हातारा आपल्याच फोटोचा डबा छातीशी धरून टेबलाला वळसा घालून आला होता आणि मग शहाण्यासारखा खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

आबा दगडावर उभे होते, धोतर वर खोचून, पाण्याची वाट बघत. आई तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून आली.

आज्जा उठले. या घरात त्यांनी स्वतःचा पाण्याचा पेलासुद्धा कधी उचलला नव्हता. त्यांनी आईच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि अंगणात उतरले.

"तू कशाला?" आबा म्हणाले. "शालन घालती की पाणी."

"गप हुबा ऱ्हा. तू एवढा लांबनं आलास. मला चार पावलं येऊ दे की."

आबा त्यांच्याकडं बघत राहिले. आपण पकडले गेलो हे त्यांना कळलं असावं, कारण पांढऱ्या मिशीखाली ते लहान पोरासारखे लाजले. आज्जांनी पाणी ओतलं, पायांवर, मग हातांवर. शेवटी तांब्यात थोडं उरलं तेव्हा आबांनी ओंजळ पुढं केली. आज्जांनी ती भरली आणि आबा आमच्या दारात पाणी प्यायले.

आता दोघंही नाहीत. उद्घाटनाचा फोटो चुकवणारा ऑपरेटर म्हणून संघात माझी चेष्टा अजून होते आणि मी ती होऊ देतो. टोणपे साहेबांनी त्या दिवशी मला तोंडी समज दिली होती आणि पेंग्विनला कायमचं नापास केलं होतं.

त्या दुपारी दोघं पाटावर शेजारी शेजारी बसले आणि लगेच वरण्याच्या आमटीत गूळ असावा की नसावा यावर भांडू लागले. आई वाढायला आली ती पदराआड तोंड करून. मग ती आत गेली आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. ताटात दोन भाकऱ्या आल्या, चार आल्या, बुट्टी भरून वर रास झाली, तरी आवाज थांबेना. जेवायला आम्ही तिघंच होतो. पण पुरे म्हणायला कुणी उठलं नाही.